कायम फिरायचं तर ट्रेलर केवढा? माझं मत: खोली १४ फुटांच्या वर नको

इंदिरानगरकर (धागाकर्ता)

पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. नाशिकचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही दोघं गाडीमागे ओढायच्या, घरासारख्या ट्रेलरमध्ये राहणार, हे घरात ठरलंय. तेव्हा "या वयात कशाला नसते उद्योग" असे प्रतिसाद कृपया नकोत. वाद फक्त आकाराचा आहे. बायको म्हणते वीस फूट, मी म्हणतो चौदा. रुंदी साडेसहा ते सात फूट, त्यावर दुमत नाही.

चौदा म्हणजे आतली खोली. जाहिरातीतला आकडा कधी नुसत्या खोलीचा असतो, कधी गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यासकट. दांडा तीन-चार फूट खातो, त्यामुळे इथे बोलताना कृपया कुठलं माप ते लिहा, नाहीतर पन्नास प्रतिसाद होतील आणि सगळे वेगवेगळ्या ट्रेलरबद्दल बोलत असतील.

माझा मुद्दा असा. अमेरिकेत सरकारी वनजमिनीवर बऱ्याच ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. आपल्याकडे जमीन कुणाची तरी असते: वनखात्याची, धरणाच्या काठी जलसंपदाची, नाहीतर शेतकऱ्याची. भंडारदऱ्याकडे गेलात की कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची हद्द लागते. म्हणजे निसर्गात राहायचं याचा व्यवहारातला अर्थ शेतकऱ्याला विचारून त्याच्या शेतात राहायचं. तिथवर जाणारा रस्ता पावणेचार मीटरचा, तोही कडेला खचलेला. हरसूलच्या आतल्या रस्त्यावर समोरून एसटी आली तर मागे कुणी जायचं? ड्रायव्हर काही मागे जाणार नाही. वीस फुटी खोली, चार फूट दांडा आणि पुढे गाडी, एवढं सगळं मी उलटं नेणार का?

कळवणची सून

काका, तुम्ही शनिवार-रविवारचा हिशोब कायमच्या राहण्याला लावताय. दोन दिवस माणूस कशातही राहतो. रोज राहायचं तर पहिला प्रश्न पलंगाचा. चौदा फुटांत संडास-न्हाणी, ओटा, कपाट गेलं की कायमचा पलंग आणि बसायची जागा यातलं एकच उरतं. मग तुमचे ते दुमडते पलंग. पाठ धरलेली असताना सकाळी आधी गादी गुंडाळा, मग टेबल लावा, मग चहा. एकाला झोपायचं असेल तर दुसऱ्याने जायचं कुठे? "बाहेर निसर्ग आहे की" हे उत्तर देऊ नका, कारण पुढचा मुद्दा पावसाचा आहे.

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत तिथे आठ-आठ दिवस कपडा वाळत नाही. दोन माणसं, ओले रेनकोट, ओल्या चपला, कुकरची वाफ आणि खिडक्या बंद. छोट्या ट्रेलरचं मागचं झाकण उघडून बाहेर स्वयंपाक करायचा प्रकार फोटोत छान दिसतो. वाऱ्यात शेगडी टिकत नाही. निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात दिवेलागणीनंतर बाहेर भाकऱ्या थापत बसा म्हणावं, बिबट्याही येईल जेवायला. वीस फूट नसेल तर अठरा घ्या, पण पलंग पक्का आणि संडास आत. काकूंचं बरोबर आहे.

इंदिरानगरकर

ताई, पावसाचं उत्तर चाकांत आहे. इगतपुरी भिजत असते तेव्हा सिन्नर-येवल्याकडे जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही वर्षभराचा. अंतर किती? सकाळी निघालो तर जेवायला तिथे.

कळवणची सून

पावसाळ्यात निसर्ग बघायला घर सोडून निघालात आणि येवल्यात जाऊन बसणार?

द्राक्षबाग

दोघांचंही थोडं थोडं चुकतंय, मी सांगेल कसं ते. मी निफाडचा. कांद्याची ट्रॉली लासलगावला, पिंपळगावला नेण्यात अर्धं आयुष्य गेलं.

आखूड ट्रॉली मागे घ्यायला सोपी, हा शहरातला गैरसमज. ट्रॉली जितकी आखूड तितकी ती स्टेअरिंगला पटकन ऐकते, तुम्ही हात सावरायच्या आत दुमडते. लांबी जास्त असली की सावकाश वळते, चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. त्यामुळे दहा फुटी घेणाऱ्यांनी फार खूश होऊ नका. पण लांबीला वळायला जागाही लागते. आमच्या बागेत ओळीच्या टोकाला ताणाच्या तारा जमिनीत गाडलेल्या असतात. वीस फुटी घेऊन बांधावरून आत वळलात तर मागचा कोपरा आधी तारेला लागेल, मग मला. वरून विजेच्या तारा लोंबतात त्या वेगळ्याच. उंचीचं कुणी बोलतच नाही इथे.

दुसरं, आमची काळी जमीन. दिवाळीनंतर या, कुठेही उभे करा. जून ते सप्टेंबर मात्र रिकामी ट्रॉलीसुद्धा रुतते. एका धुऱ्याचा (चाकांची एकच जोडी) ट्रेलर हुक सोडून दोघं-चौघं ढकलून फिरवतात. दोन धुऱ्यांचा जागचा हलत नाही, मग ट्रॅक्टर बोलवा. वीस फुटाला दोन धुरे लागतीलच. मी म्हणेल चौदा-सोळा, एक धुरा, स्प्रिंगचे मजबूत पाटे.

सॅन होजेचा नाशिककर

मूळचा पंचवटीचा, इकडे आमच्याकडे पंचवीस फुटी आहे (दांड्यासकट). धागाकर्त्याचा अख्खा युक्तिवाद एका गृहीतकावर उभा आहे: जिथे जाल तिथे ट्रेलर सोबत. कायम राहणारे लोक असे फिरतच नाहीत. ट्रेलर एका ठिकाणी पंधरा दिवस, महिना उभा असतो आणि भटकायला नुसती गाडी. मोटरहोमपेक्षा (त्यात गाडी नि घर एकच) ट्रेलर चांगला तो याचसाठी. इथल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरातल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब वाहन सोडत नाहीत, आणि ही लांबी गाडी नि ट्रेलर मिळून मोजतात. म्हणजे तुमचा चौदा फुटीही बाहेरच राहतो. मग चौदा काय नि पंचवीस काय? लोक खाली कॅम्पग्राउंडला ट्रेलर सोडतात आणि गाडीने वर जातात.

तेच तिकडे करा. गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या कृषी पर्यटनवाल्याकडे महिन्याचं बोलून ट्रेलर लावा. अंजनेरी, हरिहर, वाघेरा सगळं गाडीने होतं. मुक्काम महिन्यातून एकदा हलणार असेल तर त्या एका दिवसाच्या त्रासासाठी उरलेले एकोणतीस दिवस आखडून का राहायचं?

इंदिरानगरकर

पॉइंट आहे, मानतो. पण तुमच्याकडे कॅम्पग्राउंडला वीज, पाणी, मैला उपसायची सोय, सगळं खुंटीला टांगलेलं मिळतं. आपल्या राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, पण धोरणावर ट्रेलर उभा करता येत नाही. शिवाय महिनाभर एकाच जागी राहायचं तर त्र्यंबकरोडला वनरूमकिचन भाड्याने घेतो ना. मला सुरगाण्यात आठ दिवस, मग साल्हेरखाली आठ दिवस, असं हवंय.

हब-बेअरिंग

अंबडला फॅब्रिकेशनचं शेड आहे, फूड ट्रेलर बनवतो. इथे सगळे फुटांवर भांडताहेत. गाडी फूट ओढत नाही, किलो ओढते.

पाण्यापासून धरा. दोन माणसं काटकसरीने वागली तरी आंघोळ-भांडी धरून दिवसाला तीस-पस्तीस लिटर. तीन दिवसांसाठी शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. त्यात गॅस, बॅटरी, गाद्या, भांडी, आणि काकूंच्या डब्यांबद्दल मी बोलत नाही. ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की भरलेला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच ठेवा. आधी गाडीच्या पुस्तकात ओढायच्या वजनाचा आकडा बघा, नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. त्या आकड्यातून सामान आणि पाणी वजा करा. उरेल तेवढ्यात सांगाडा बसला पाहिजे. बोलेरो-स्कॉर्पिओ वर्गातल्या गाडीमागे लोखंडी सांगाड्याचा वीस फुटी, पक्का पलंग आणि न्हाणीसकट? मी तरी बनवून देणार नाही.

वजन कुठे ठेवलंय तेही तितकंच महत्त्वाचं. हुकावर एकूण वजनाचा काही भाग पडलाच पाहिजे. अमेरिकेत १० ते १५ टक्के धरतात, युरोपात कमी. पाण्याची टाकी मागच्या टोकाला लावली की नाक हलकं होतं आणि ऐंशीच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तेव्हा करकचून ब्रेक मारलात तर संपलं. ब्रेकचंच बोलायचं तर युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडे गिऱ्हाईक "ते काढा, पैसे वाचतील" म्हणतं. एकदा भरलेला ट्रेलर घेऊन कसारा घाट उतरा, मग बोला.

आणि ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६१. ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. हे कुणी विचारत नाही, रंग कुठला तेवढं विचारतात.

पायी बरा

सरळ व्हॅनचं घर करा. मागे काही लोंबकळत नाही, एसटी आली की रिव्हर्स टाकला. ऊसतोडीवाले अख्खा हंगाम कोपीत, म्हणजे झोपडीत काढतात, त्यांना कुणी निसर्गप्रेमी म्हणत नाही. तुम्हाला मात्र चौदा की वीस.

हब-बेअरिंग

व्हॅनचा क्लच गेला की घरच गॅरेजमध्ये. मग रात्री झोपायचं कुठे, पिटावर?

कळवणची सून

हब-बेअरिंग दादा, वजनाचं पटलं. मग वजन कुठून काढायचं ते बायकांना विचारा. डबे काढायच्या आधी एसी काढा. शंभर अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे सव्वा युनिट, एक टनी एसी ती तास-सव्वातासात पिऊन टाकतो. मे महिन्यात एसी हवाच असेल तर तुम्ही जंगलात नाही, प्लगपाशी राहताय. छताला चांगला पंखा आणि जाळी लावा, थंडीत आत दव धरतं तेही कमी होईल. एसी, त्याच्यासाठीच्या जादा बॅटऱ्या, इन्व्हर्टर गेले की माझा पक्का पलंग बसतो, सोळा फुटांत.

इंदिरानगरकर

सोळा म्हणजे आतली खोली ना?

कळवणची सून

आतली.

इंदिरानगरकर

पलंग आडवा टाकला तर पंधरातही बसेल. सात फूट रुंदी घेतली तर सहा फुटी माणूस आडवा मावतो.

कळवणची सून

मावतो हो. पण भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं असेल तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. भिंतीकडे कोण झोपणार, हे काकूंना विचारून मग लिहा.

द्राक्षबाग

दिवाळीनंतर माझी ट्रॉली रिकामी असते. कुठलाही आकार ठरवायच्या आधी एक दिवस या, काका. बांधावरून आत घ्यायची, वळवायची, परत रस्त्यावर काढायची. काकूंनाही आणा, मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायला कुणीतरी लागतं आणि ते काम शिकावं लागतं.