थायलंडला कामानिमित्त गेलात? भेटवस्तू आणि जेवणाचे अनुभव लिहा

चाकणहून आमच्यातले तिघं पहिल्यांदाच रायोंगच्या प्लांटला निघालेत. नुसती ड्रॉइंग्ज घेऊन जाऊ नये, तिथली रीतही कळावी असं मला फार वाटतं, म्हणून ज्यांचं थायलंडला कामासाठी जाणं झालंय त्यांनी लिहाच. सुरुवात मी करते.

तिथल्या मॅनेजरबाईंसाठी मी पितळी गणपती नेलेला. (आडनावाने कोणी हाक मारत नाही, 'खुन' म्हणजे श्री किंवा श्रीमती, आणि पुढे पहिलं नाव.) त्यांनी आधी वाय केला, म्हणजे आपल्यासारखेच हात जोडले, मग दोन्ही हातांनी खोका घेतला आणि न उघडता बाजूला ठेवून दिला. मी हिरमुसले, आवडलं नाही वाटतं. देणाऱ्यासमोर उघडत नाहीत हे नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले तर गणपती टेबलावर नाही, सगळ्यात वरच्या फळीवर, गळ्यात झेंडूची माळ आणि पुढे लाल सोड्याची बाटली, स्ट्रॉ घातलेली! तिथे गणपतीला फ्रा फिकानेत म्हणतात. मला भरूनच आलं.

---

जेवणाबद्दल सांगतो. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या, आणि काटा तोंडात घालायचा नाही, त्याने भात चमच्यावर ढकलायचा. पदार्थ सगळ्यांसाठी मधे असतात, मी पहिल्यांदा चार-पाच प्रकार एकदमच ताटात वाढून घेतले, शेजारचे काही बोलले नाहीत पण स्वतः एकाच भाजीचे दोन चमचे घेऊन सावकाश जेवत राहिले, ते बघून कळलं. बिल बहुतेक बोलावणारा किंवा सगळ्यात सीनियर माणूस देतो, तिथे पाकीट काढून हट्ट करू नका.

---

शाकाहारी असाल तर आधीच कळवा प्लीज. नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस, भाजीतही असतो. 'जे' म्हटलं की मासे-मांस-अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. ऐनवेळी सांगितलं तर यजमान कानकोंडे होतात.

---

काळ्या कागदात गिफ्ट नको, तो शोकाचा रंग. चाकू-कात्रीही नको. आणि सरकारी ऑफिसात जाणार असाल तर अधिकाऱ्याला 3000 बाहतच्या वरची भेट घेता येत नाही, त्याला अडचणीत टाकू नका. मी मिठाईचा छोटा डबा नेतो, सगळ्या स्टाफला पुरेल असा.

---

वा, मिठाईचं छान सुचवलंत, तिघांना सांगते. नवीन वर्षाला क्लायंटला फळा-बिस्किटांची टोपली, क्राचाओ, देतात ना, ती कोणी दिलीये का? कुणी नेऊन द्यायची, सीनियरनेच का?