मदत हवी आहे: स्ट्रेंथचे बोनस एकावर एक चढवून बसलोय, आता उतरवू कसे?

नमस्कार मंडळी. डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, पात्रं घेऊन टेबलावर खेळायचा खेळ), पाचवी आवृत्ती (२०१४ची पुस्तकं), दर शनिवारी रात्री पाच जण. डीएम (खेळ चालवणारा) मीच, त्यामुळे घोळही माझाच.

आमच्या बार्बेरियनची (रानटी योद्ध्याची) स्ट्रेंथ, म्हणजे ताकदीचा आकडा, चौथ्या लेव्हललाच १८ झाली. मग त्याला गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर मिळाले. गडी खूश होऊन शीट खोडायला लागला आणि थांबला. हे हातमोजे स्ट्रेंथ १९ करतात, बस्स. १८ला मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +४, १९लाही +४. फायदा शून्य! तेच आमच्या ८ स्ट्रेंथच्या विझार्डने घातले तर -१ वरून थेट +४. मला बार्बेरियनचा चेहरा बघवेना. म्हटलं, जाऊ दे, तू सरळ +२ धर.

इथेच माती खाल्ली. पूर्वी आम्ही ३.५ (जुनी आवृत्ती) खेळायचो. त्यात गॉन्टलेट्स +२ आणि बेल्ट +४ किंवा +६ असायचे, तेच डोक्यात बसलेलं. अर्धी गोष्ट मात्र विसरलो: ते सगळे एन्हान्समेंट बोनस, आणि एका जातीचे बोनस एकमेकांत मिळवायचे नसतात, मोठा असेल तो एकच धरायचा. बुल्स स्ट्रेंथ मंत्रही त्यातच. रेजचे (बार्बेरियनच्या संतापाचे) +४ मात्र वेगळे, ते वर चढायचे.

पुढे बेल्ट ऑफ हिल जायंट स्ट्रेंथ आला. पुस्तकात स्ट्रेंथ २१. हातमोज्यांना +२ दिले, मग बेल्टला +४ नकोत? दिले. झाली २४. बार्बेरियनला एवढी कमाल मर्यादा विसाव्या लेव्हलला मिळते, हा तेव्हा सहाव्यावर होता.

गेल्या शनिवारी, सातव्या लेव्हलला, पठ्ठ्याने पोशन ऑफ फायर जायंट स्ट्रेंथ प्यायलं. पुस्तकात २५, तासभर. मी भर लढाईत घाईघाईने +६ ठरवून मोकळा. १८, २, ४, ६... तीस. अहो, टॅरास्क या महाकाय राक्षसाची स्ट्रेंथ ३० असते!

मॉडिफायर +१०, प्रोफिशियन्सी (लेव्हलप्रमाणे मिळणारा बोनस) +३, कुऱ्हाड +१. समोर फायर जायंट, एसी (घाव लागायला गाठायचा आकडा) १८, आणि याला फाशावर ४ पडले तरी पुरे. नियमाने खेळलो असतो तर ७ लागले असते. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण हा रेकलेस अटॅक करून दोन-दोन फासे टाकून मोठा आकडा घेतो आणि रेज धरून प्रत्येक घावाला १३ डॅमेज आधीच खिशात. आमची पॅलाडिन १६ स्ट्रेंथ घेऊन शेजारी उभी. तिसऱ्या राउंडला ती म्हणाली, "तुमचं चालू द्या, मी चहा टाकते."

(आमच्या टेबलावरचं कुणी वाचत असेल तर पुढचा परिच्छेद सोडा, शपथ आहे.)

मोहिमेच्या शेवटी हॅमर ऑफ थंडरबोल्ट्स ठेवलाय. तो अट्यून करायला (स्वतःशी जोडून घ्यायला) बेल्ट आणि हातमोजे दोन्ही अंगावर लागतात, अट्यूनमेंटच्या तिन्ही जागा जातात, आणि तेव्हा कुठे स्ट्रेंथला +४ मिळतात. तेही ३०च्या आतच. पुस्तकाप्रमाणे बेल्ट असताना हातमोज्यांना काही अर्थ उरत नाही, तो या हातोड्यामुळे येतो. मी ती मजा आधीच फुकट वाटून टाकली.

माझा विचार असा: आधीच १८ किंवा जास्त असेल तर गॉन्टलेट्सचे +२, पण २०च्या वर नाही. बेल्ट आणि पोशन पुस्तकाप्रमाणे, त्यातला मोठा आकडा धरायचा. म्हणजे शनिवारी त्याची स्ट्रेंथ २४वरून २१वर येणार, आणि हे त्याला मी सांगायचं आहे. बदल्यात बेल्ट फ्रॉस्ट जायंटचा करून २३ देऊ का? की एका घोळावर दुसरा घोळ होईल? पाचव्या आवृत्तीत ३.५सारख्या बोनसच्या जाती लावून कुणी खेळलंय का? किती दिवस टिकलं?