कॅमेरे बंद, माईक बंद: मुलांना कळतंय की नाही, हे कसं ओळखायचात?

खडूचा तुकडा:
महामारीनंतर नोकरीला लागलेल्या एका सहकारी बाईंनी परवा विचारलं, "सर, शाळा पुन्हा बंद पडल्या तर आधी काय जमवायला हवं?" मी माध्यमिकला गणित शिकवतो. माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे, म्हणून इथे विचारतोय.

नेटवर्कचं रडगाणं बाजूला ठेवू. वर्गात मी फळ्यापाशी कमी आणि बाकांमधून जास्त फिरतो. −३(क्ष − २) सोडवायला दिलं की चालता चालता वह्यांवर नजर टाकायची. कुणी −३क्ष − ६ लिहिलं असेल तर तिथेच बोट ठेवायचं. ऑनलाइनला उत्तरं द्यायची तीच दोघं-तिघं, बाकी नुसत्या काळ्या चौकटी. "समजलं का?" म्हटलं की "यस सर". वह्यांचे फोटो यायचे ते आडवे, उलटे, अंगठ्याची सावली पडलेले, पण आतलं गणित मात्र चकचकीत, कारण फोटोआधी सगळं नव्याने उतरवलेलं. मला तर खोडलेलंच बघायचं असतं!

ते बघायची युक्ती कुणाला सापडली का? "कॅमेरा सक्तीचा करा" हे कृपया नको.

काना मात्रा:
भाषा शिकवते. चॅटमध्ये एक नियम केला होता: प्रत्येकाने उत्तर टाइप करायचं, पण मी "पाठवा" म्हणेपर्यंत पाठवायचं नाही. मग सगळी उत्तरं एकदम पडायची, हुशार मुलाचं बघून लिहायला वेळच उरायचा नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा अर्ध्या वर्गाला उपमा आणि रूपक यातला फरक कळलेला नाही, हे एका झटक्यात दिसलं. त्याआधी तासभर सगळे "यस मॅडम" होते.

आणि फक्त शिक्षकाला दिसेल असा खासगी मेसेज सुरू ठेवा. वर्गात ज्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता अशी मुलं तिथे धडाधड लिहायची. उलट, वर्गात बडबड करणारे काही पार गप्प झाले. एकसुरात कविता म्हणणं मात्र विसरा. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या उशिराने पोचतो, नुसता कोलाहल होतो.

लिटमस:
विज्ञान. प्रयोगशाळा नाही म्हणून कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' (PhET) हे पडद्यावर आभासी प्रयोग करायचं संकेतस्थळ वापरलं, मोफत आहे. त्यात विद्युत परिपथ जोडता येतो. दिवा न लावता पोरं बॅटरीची दोन टोकं थेट तारेने जोडायची, कारण मग पडद्यावर बॅटरी पेट घेते. आधी वैतागलो. मग तेच धरलं: "पेटली का? प्रवाहाचा आकडा वाचा. रोध किती होता?" शॉर्ट सर्किट इतकं चांगलं मी फळ्यावर कधी शिकवलं नव्हतं. प्रत्यक्ष तार गरम झालेली हाताला लागणं वेगळंच, ते पडद्यावर येत नाही.

तिसरी घंटा:
सगळे कॅमेऱ्यावर का चिडता? चेहरा दिसला तर निदान मूल जागं आहे एवढं तरी कळतं.

काना मात्रा:
@तिसरी घंटा, चेहऱ्यामागे घर पण दिसतं ना. एकाच खोलीत सगळं कुटुंब असलेल्या मुलाने काय करायचं? शिवाय सतत स्वतःचाच चेहरा समोर असणं थकवतं. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ-बैठकांच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यात हे एक आहे.

खडूचा तुकडा:
बाई, ते "पाठवा" प्रकरण झकास! माझं अर्धं उत्तर आता सांगतो. सगळ्यांना बदल करता येईल अशी एकच सादरीकरणाची फाइल, प्रत्येक मुलाला त्यातली एक स्लाइड. सगळ्या स्लाइड छोट्या करून समोर ठेवल्या की मुलं लिहिताना दिसतात. एका मुलीने + ६ लिहिलं, खोडलं, − ६ केलं, थांबली, परत + केलं. मी माईकवर एवढंच विचारलं, "का बदललंस?" तर तिने उणे गुणिले उणे सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं.

पण याला टंकायला सोपं गणित लागतं, आणि मोबाइलवरून येणाऱ्या मुलांचे हाल होतात. भूमितीत तर हे साफ आपटलं. रचनेची आकृती काढताना कंपास कुठे टेकवला हे कसं बघायचं? भूमितीवाले कुणी आहेत का इथे?