मदत हवी आहे: इंग्रजीतलं 'काइंड ऑफ', 'सॉर्ट ऑफ' नेमकं कसं घ्यायचं?

नमस्कार मंडळी. इंग्रजी बोलताना लोक मध्येच 'काइंड ऑफ', 'सॉर्ट ऑफ', 'आय गेस' पेरत जातात. ऐकताना साधारण कळतं, पण स्वतः वापरताना अडतं. 'आय काइंड ऑफ लाइक इट' म्हणजे थोडंसंच आवडलं, की चांगलंच आवडलंय पण उघड बोलायचं नाहीये? 'आर यू डन?' वर नुसतं 'सॉर्ट ऑफ' असं उत्तर आलं, तर काम झालं समजायचं की नाही? मला तर त्यात 'नाही'च जास्त ऐकू येतं. आणि साहेबांनी 'काइंड ऑफ अर्जंट' लिहिलं, तर ते 'काइंड ऑफ' निव्वळ सौजन्यापुरतं असावं!

'सेव्हन-इश' म्हणजे सातच्या सुमारास, हे सोपं. 'क्वाइट' मात्र छळतं. अमेरिकन माणसाचं 'क्वाइट गुड' म्हणजे छानच; ब्रिटिश माणसाचं बऱ्याचदा 'बरं आहे' इतपतच.

भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी १९७२ मध्ये अशा शब्दांना 'हेजेस' म्हटलं, एवढी माहिती आहे. अडचण रोजच्या वापराची आहे. ऑफिसच्या ईमेलमध्ये, मुलाखतीत हे शब्द चालतात का? की बोलणारा कच्चा वाटतो? जाणकारांनी उदाहरणं देऊन सांगाल का?