मदत हवी आहे: विमा नाही घेतला म्हणून टॅक्स, हे लॉजिक कोणीतरी समजवा

अमेरिकेतल्या ओबामाकेअरबद्दल वाचतेय आणि डोकं पार भंजाळलंय. ओबामा राष्ट्राध्यक्ष असतानाच्या या 2010 च्या आरोग्य विमा कायद्यात हेल्थ इन्शुरन्स नाही घेतला तर दंड होता, ओबामा म्हणत होते हा टॅक्स नाहीच, मग 2012 ला सुप्रीम कोर्टाने 5-4 ने तो टॅक्स म्हणूनच वैध ठरवला (गंमतच आहे ना!) आणि 2019 पासून तर दंड थेट शून्य. आता सक्ती नसेल तर धडधाकट लोक विमा घेणार नाहीत, आजारीच उरतील आणि प्रीमियम वाढत जाणार, एवढं पटतं मला, पण मग ब्रिटनसारखी आरोग्यसेवा सरळ टॅक्समधूनच का नाही चालवत? मधे विमा कंपन्या कशाला? कोणी सोपं करून सांगेल का? प्लीज राजकीय भांडणं नकोत.