थायरॉईडचा कॅन्सर वाढतोय तो रसायनांमुळे की सोनोग्राफीमुळे?

रानवारा_खेड
इटलीत व्हिचेंझाजवळ त्रिस्सिनोला मितेनी नावाचा पीफास रसायनांचा (नॉनस्टिक भांड्यांसारख्या वस्तूंत लागणारी, सहजी न विघटणारी रसायनं) कारखाना होता. त्याने साडेतीन लाख लोकांचं पाणी नासवलं. 2018 ला दिवाळं निघालं, जून 2025 मध्ये कोर्टाने 11 अधिकाऱ्यांना शिक्षा ठोठावली. आणि यंत्रं कुठे आली? आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत! ही रसायनं शरीरात वर्षानुवर्षं मुरतात, थायरॉईडच्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतात. 2023 च्या न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात रक्तातलं पीएफओएस (पीफासपैकीच एक) दुप्पट तिथे थायरॉईड कॅन्सरची शक्यता 56 टक्के जास्त निघाली. इथे तर आत्ताच घरटी एक थायरॉईडवाली आहे. अजून काय पुरावा हवा?

चिकित्सक_नाना
घरटी आहे तो हायपोथायरॉईड, म्हणजे ग्रंथी मंदावण्याचा आजार. त्याला आणि कॅन्सरला एका दावणीला बांधू नका.
त्या अभ्यासात रुग्ण होते फक्त 88, आणि बहुतेकांचं रक्त निदानाच्या सुमाराचं. आधी काय झालं, रसायन की गाठ, कसं ठरवणार?
दक्षिण कोरिया बघा. 1999 पासून कॅन्सर तपासणीची सरकारी मोहीम, तिच्यासोबत गळ्याची सोनोग्राफी. 2011 मध्ये थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण 1993 च्या 15 पट! मृत्यू मात्र तेवढेच. म्हणजे ज्यांनी कधी त्रासच दिला नसता अशा बारीक गाठीही सापडत गेल्या. 2014 मध्ये काही डॉक्टरांनीच या सरसकट सोनोग्राफीला जाहीर विरोध केला आणि वर्षभरात ऑपरेशनं तिसऱ्या हिश्शाने घटली. विष काय वर्षभरात ओसरलं?

मंजिरी_के
नाना, तुमचा कोरिया पाठ झालाय आता. 😀 पण अमेरिकेत 1994 ते 2013 मध्ये थायरॉईड कॅन्सरचे मृत्यूही वर्षाला साधारण 1.1 टक्क्याने वाढले, पसरलेल्या पॅपिलरी कॅन्सरचे (थायरॉईड कॅन्सरचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार) 2.9 टक्क्यांनी. ते सोनोग्राफीने मेले का?
माझी स्वतःची ग्रंथी काढलीय. रोज उपाशीपोटी गोळी. 'उगीच काढली' हे ऐकायला सोपं नाही, आणि 'प्लास्टिकच्या डब्यांमुळे झालं' हेही नाही.

चिकित्सक_नाना
मंजिरीताई, ते आकडे मान्य. सगळी वाढ सोनोग्राफीची असं मी म्हणणार नाही. बरीचशी आहे, एवढंच.

रसायनवाला
रानवारा, तुमची बाजू बरोबर, हत्यार चुकीचं. अमेरिकेत पार्कर्सबर्गला ड्यूपाँटच्या कारखान्यामुळे पीएफओए, हेही पीफासच, पाण्यात उतरलं. सुमारे 69,000 लोकांची रक्ततपासणी झाली. 2012 पर्यंत तज्ज्ञ समितीने संभाव्य संबंध लावला तो किडनी आणि वृषणाच्या कॅन्सरशी. थायरॉईडचा आजार यादीत आहे, थायरॉईडचा कॅन्सर नाही. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने पीएफओए पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करणारं नक्की. लोट्यात आडवं यायला तेवढं पुरे. थायरॉईड कॅन्सरवर भर दिलात की कंपनीचा वकील हाच कोरिया पुढे करेल.

रानवारा_खेड
वकिलाचं नंतर बघू. दाभोळ खाडीतल्या भोयांना विचारा, सांडपाण्याने मासे मरतात ते. आजवर कोण आलं ऐकायला? आमची मागणी साधी आहे: आजूबाजूच्या गावांतल्या लोकांचं रक्त आत्ताच तपासून नोंद ठेवा, विहिरींचं पाणीही. नंतर 'आधीपासूनच होतं' म्हणायला जागा नको.

चिकित्सक_नाना
रक्त घ्या, पाणी तपासा, मी सही करतो. पण कुणी गावात गळ्याच्या फुकट सोनोग्राफीचं शिबिर लावलं, तर पहिला आडवा मी येणार.