अ‍ॅप्लिकसाठी रोटरी ब्लेडवर पैसे घालू नका (चर्चा)

सुईदोरा:
खणाचे मोर नि कोयऱ्या कापून ब्लाऊजच्या पाठीवर लावायच्या (हेच अ‍ॅप्लिक), जोडीला टी-शर्टवर नावं-नंबर चिकटवून द्यायचे, असा घरगुती धंदा सुरू करणारी प्रत्येक जण हल्ली विचारते, "क्रिकट मेकरच घेऊ ना?" म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनप्रमाणे कापड-कागद कापणारं क्रिकट कंपनीचं मशीन. माझं मत, नको. २०१७ साली आलेल्या मेकरचं मोठं आकर्षण म्हणजे त्याचं फिरतं गोल पातं, म्हणजे रोटरी ब्लेड. मागे काही न चिकटवता नुसतं कापड कापतं. गोधडीचे तुकडे, बाहुल्यांचे कपडे यांना ते झकास. पण इस्त्रीने बसवायच्या अ‍ॅप्लिकला मागे फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारा पातळ थर) लावावंच लागतं ना? खणाचे तर कात्री लागली की दोरे निघायला लागतात. आणि एकदा फ्युजिंग लागलं की तेच कापड क्रिकटच्याच एक्सप्लोअर किंवा सिलुएट कंपनीच्या कॅमिओ मशीनचं साधं पातंही कापतं. शिवाय गोल पात्याने पाऊण इंचापेक्षा लहान आकार कापू नका, असं कंपनीच सांगते. मग मोराचा तुरा कशाने कापणार? वाचलेल्या पैशांत बरी हीट प्रेस (डिझाइन कापडावर चिकटवणारं गरम दाबयंत्र) घ्या.

गोधडीकर:
साफ असहमत. फ्युजिंग लावलेला पॅच पुठ्ठ्यासारखा कडक होतो. तान्ह्या बाळाच्या झबल्याला लावून बघा, आजी दुसऱ्या दिवशी परत आणून देईल. मी कडा आत दुमडून हाताने टाके घालते. त्याला दुमडीची जागा सोडून कापलेलं साधं, मऊ कापडच लागतं आणि ते गोल पात्यानेच नीट निघतं. ताकदीचंही बघा. मेकरचा दाब चार किलोपर्यंत, एक्सप्लोअरचा चारशे ग्रॅमच्या आसपास. डेनिम नि जाड फेल्ट कापायला आलं की हा फरक कळतो.

सुईदोरा:
हाताने दुमडून लावणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण त्या किती जणी? कडकपणावर मात्र उपाय आहे. फ्युजिंग सगळ्या आकाराला लावायचंच नाही. फ्युजिंगचा मधला भाग आधीच कापून काढायचा, कडेला बोटभर पट्टी ठेवायची. कडा धरून राहतात, पोट मऊ राहतं. आणि शिवता येणारं हलकं फ्युजिंग घ्या. जाड प्रकारात सुईला चिकट लागतो आणि टाके सुटतात.

बुट्टीवेडी:
दोघीही भलतीकडेच भांडताय. खणाची खरी अडचण वेगळी आहे. बुट्टी आकाराच्या बरोबर मध्यात यायला हवी. अर्धी बुट्टी कापली गेली की कमळ तिरळं दिसतं. त्यासाठी ब्रदर कंपनीचं स्कॅनएनकट मशीन. कापड मॅटवर (मशीनच्या चिकट पाटीवर) चिकटवा, मशीन स्वतः स्कॅन करतं, पडद्यावर बुट्टी दिसते, तिच्यावर आकार सरकवून ठेवा आणि कापा. कॉम्प्युटरही लागत नाही. आठवतंय का, २०२१ मध्ये क्रिकटने आपलं सॉफ्टवेअर मोफत वापरणाऱ्यांना महिन्याला वीसच डिझाइनं अपलोड करू देणार म्हणून जाहीर केलं होतं? लोक खवळले म्हणून मागे घेतलं. पण आपला धंदा दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या दावणीला कशाला बांधायचा?

प्लॉटरवाला:
ताई, ही सगळी छंदाची खेळणी. रोज जर्सीचे नंबर काढायचे तर दोन फुटी व्हिनाइल प्लॉटर (उष्णतेने चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या, म्हणजे व्हिनाइलच्या, रोलमधून अक्षरं कापणारं मशीन) घ्या. रोल लावा, चहा प्या. बारा इंची मॅटवर एकेक तुकडा चिकटवत बसलात तर गणपतीच्या ऑर्डरी दिवाळीत जातील.

सुईदोरा:
नंबरांपुरतं पटलं. पण साध्या प्लॉटरवर कापड घालायचं कसं? मॅट नाही, कापड रुळांत गोळा होतं. शेवटी दोन मशीनं आलीच की.

आळशी_बोका:
व्हिनाइलचे दिवस गेले. डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर उतरवायचं चित्र) छापून आणा, दाबा, मोकळे व्हा. अक्षरांच्या पोटातलं व्हिनाइल चिमट्याने काढत कोण बसणार?

प्लॉटरवाला:
फोटो किंवा सात रंगांचा लोगो असेल तर डीटीएफच. पण पाठीवर एका रंगात नाव-नंबर हवा, तेही आज संध्याकाळी, तर व्हिनाइलच परवडतं. मखमली फ्लॉक व्हिनाइलचा स्पर्श तर छपाईत येतच नाही. फक्त गडद पॉलिस्टर जर्सीवर साधं पांढरं व्हिनाइल लावू नका. उष्णतेने कापडाचा रंग वर चढतो आणि पांढऱ्याचं गुलाबी होतं. कमी तापमानावर चिकटणारं किंवा रंग अडवणारं घ्या.

नवीन_सभासद:
लेझरवर कापड नि व्हिनाइल दोन्ही कापता येईल का? ओळखीत एकाकडे आहे.

बुट्टीवेडी:
पॉलिस्टर छान कापतं, कडाही वितळून बंद होतात. सुती कापडाची कड करपते. व्हिनाइल मात्र पीव्हीसीचं असेल तर चुकूनही नाही. त्यातून विषारी हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसालाही वाईट आणि यंत्राचं लोखंडही गंजतं.

नवीन_सभासद:
बरं. आणि डिझाइन उलटं करून कापायचं की सुलटं? व्हिडिओत प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सुईदोरा:
व्हिनाइल उलटं, कारण चकचकीत बाजू मॅटवर खाली जाते. कापडाचं फ्युजिंगवरचा कागद काढून, सुलट बाजू वर ठेवून सरळ कापायचं. एकाच ऑर्डरीत दोन्ही असतील तर फाइलच्या नावातच 'उलटं' लिहून ठेवा.

गोधडीकर:
आणि मोराचा तुरा कात्रीने कापा. तिला अपलोडची मर्यादा नाही. :)